अलेवींचा 'जेम' शहरात आला, पण त्यातला निवाडा गेला?

मुक्काम_कोलोन: शेजारचे तुर्की आजोबा परवा गुरुवारी त्यांच्या जेमएवीत, म्हणजे 'जेम' ही सामूहिक उपासना होते त्या सभागृहात, घेऊन गेले. ते अलेवी. पैगंबरांचे जावई अली आणि बारा इमामांना मानणारे, पण मशिदीत न जाणारे. बायका-पुरुष एकाच सभेत बसतात, साज हे लांब मानेचं तंतुवाद्य वाजतं, सेमाह या उपासनेतल्या नृत्याचे फेरे होतात. माइक आणि खुर्च्या होत्या, भिंतीवरच्या पडद्यावर भजनाचे शब्द सरकत होते. जेम चालवणाऱ्या धर्मगुरूंनी, म्हणजे देदेंनी, विचारलं, "एकमेकांवर राजी आहात ना?" दोनशे अनोळखी लोक एका सुरात "राजी!" म्हणाले. झालं. आजोबा सांगत होते, गावी याच प्रश्नावर रात्र सरायची. बांधाचं भांडण, बुडवलेले पैसे, सगळं निघायचं. मिटल्याशिवाय जेम पुढे सरकत नसे. दोषी ठरलेल्याला वाळीत टाकत. माझं मत: शहरात धर्म उरला, पंचायत गेली. आणि पंचायत हाच तर धर्म होता.

सुमेधा_क: साफ असहमत. त्याच गावात जेमच्या रात्री गल्लीच्या तोंडाशी राखणदार का उभा असायचा, विचारलंत का आजोबांना? तुर्कस्तानात 1925 च्या कायद्याने दर्गे आणि तक्के (सूफी मठ) बंद झाले, देदे ही पदवीसुद्धा बेकायदा ठरली. 1978 मध्ये तिथल्या माराश शहरात अलेवींची कत्तल झाली. 2 जुलै 1993 ला सिवास शहरात पीर सुलतान अब्दाल या अलेवी कवीच्या नावाच्या महोत्सवासाठी आलेली मंडळी उतरली होती ते मादीमाक हॉटेल जमावाने पेटवलं. 33 पाहुणे आणि 2 कर्मचारी गेले. त्यानंतर 'आम्ही अलेवी' म्हणत लोक उघडपणे पुढे आले, गावोगावी संघटना आणि जेमएवी वाढल्या. तुम्हाला खटकणारा माइक त्यातूनच आलाय. वाळीत टाकण्याचे गोडवे तर आपण मराठी लोकांनी गाऊच नयेत.

मुक्काम_कोलोन: वाळीतचा मुद्दा मान्य. राखणदाराबद्दल आजोबा स्वतःहून बोलले होते, मीच लिहिलं नाही.

अंतू_बर्लिनकर: माइकवरून कसले भांडताय! खरी मेख सरकारी आहे. जेमएवी हे प्रार्थनास्थळ आहे, हे तुर्की सरकार मानत नाही. 2016 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. मग 2022 मध्ये अलेवींसाठी खास कार्यालय निघालं, तेही संस्कृती आणि पर्यटन मंत्रालयाखाली! म्हणजे नमाज हा धर्म आणि सेमाह हा लोकनृत्याचा कार्यक्रम. बऱ्याच अलेवी संघटनांनी ते धुडकावलं, बरोबरच केलं.

सुमेधा_क: +1. जर्मनीत निदान शाळेत अलेवी धर्माचा तास मिळतो.

अंतू_बर्लिनकर: मिळतो, पण पाठ्यपुस्तक आलं की व्याख्या आली. अलेवी इस्लामच्या आत की बाहेर, यावर त्यांच्यातच जुंपलेली असते. साजावर गायलं जायचं तोवर हे कुणी ठरवायची गरज नव्हती.

मुक्काम_कोलोन: आजोबांचा नातू त्याच तासाला बसतो. त्याच्या वहीत 'मुसाहिप' शब्दाखाली दोन रेघा आहेत: दोन जोडप्यांनी घेतलेली जन्मभराच्या भाऊपणाची शपथ, एकाचं देणं ते दुसऱ्याचं. आजोबांचे मुसाहिप तुर्कस्तानात मलात्याला असतात, रोज संध्याकाळी फोन येतो. आजोबांच्या मुलाने मात्र कधी मुसाहिप केलाच नाही. कोलोनमध्ये कुणाशी करणार, म्हणतो.