खाद्यपेय महागाईचा माझा आकडा अधिकृत आकड्यापेक्षा वर का पळतोय?

(चर्चेतली आकडेमोड, भूमितीय, वजनकाटा, आधारवर्ष ही सदस्यांची टोपणनावं आहेत.)

आकडेमोड: खाद्यपदार्थ आणि पेयांची महागाई दरमहा मोजायला शीट केली आहे. 60 वस्तू, प्रत्येकीचे 4 दुकानांतले भाव. चालू भावाला मागच्या महिन्याच्या भावाने भागते, चार गुणोत्तरांची साधी सरासरी काढते, अधिकृत भारांक (एकूण खर्चातला त्या वस्तूचा वाटा) लावते आणि येईल त्याने मागच्या महिन्याच्या निर्देशांकाला गुणते. भाव मिळाला नाही तर जुनाच पुढे ओढते. वर्षभरात आकडा अधिकृत निर्देशांकाच्या बराच वर गेला. दुसरं म्हणजे, अधिकृत वार्षिक दर या महिन्यात धाडकन उतरला, पण निर्देशांक तर वाढलेलाच आहे. हे कसं?

भूमितीय: गोम साध्या सरासरीत आहे. एका दुकानात सवलत लागली, भाव 100 चा 80 झाला आणि पुढच्या महिन्यात परत 100. बाकी तीन दुकानं स्थिर. पहिल्या महिन्यात (0.8+1+1+1)/4 = 0.95. दुसऱ्या महिन्यात (1.25+1+1+1)/4 = 1.0625. गुणाकार 1.0094. भाव होते तिथेच आले आणि तुमचा निर्देशांक मात्र जवळपास 1 टक्का वर! असं वर्षात सहा वेळा झालं तर काहीही महाग न होता 5.8 टक्के महागाई निघते. या पद्धतीला कार्ली म्हणतात, आणि दरमहा साखळी जोडताना (मागच्या निर्देशांकाला नव्या बदलाने गुणत जाताना) ती वापरूच नये.

त्याऐवजी गुणोत्तरांची भूमितीय सरासरी घ्या, म्हणजे चार गुणोत्तरांच्या गुणाकाराचं चौथं मूळ (जेव्हन्स पद्धत). शीटमध्ये जिओमीन (GEOMEAN) हे सूत्र आहेच. फक्त न मिळालेल्या भावाच्या जागी शून्य टाकू नका, सूत्र उत्तराऐवजी एरर दाखवेल. रकाना रिकामा ठेवा.

दुसरी चूक वरच्या पायरीवर, म्हणजे सगळ्या वस्तू एकत्र करताना आहे. तेच भारांक दर महिन्याच्या बदलाला लावून साखळी केली की तिथेही असाच फुगवटा येतो. आधी प्रत्येक वस्तूचा निर्देशांक आधार महिन्यापासून (100) चालवा, मग त्या निर्देशांकांची भारित सरासरी काढा. आधार काळाचे भारांक कायम ठेवणाऱ्या लास्पेयर पद्धतीचं सूत्र व्यवहारात एवढंच.

वजनकाटा: भाव पुढे ओढणंही बंद करा. त्याने ती वस्तू महिनोन् महिने स्थिर दिसते आणि परत बाजारात आली की सगळी वाढ एकाच महिन्यात आदळते. त्याच गटातल्या मिळालेल्या वस्तू सरासरी 4 टक्के वाढल्या असतील तर 50 चा भाव 52 धरा. हंगामी फळं-भाज्यांना हे सर्वांत जास्त लागतं. हंगामाच्या सुरुवातीचा चढा भाव मागच्या हंगामाच्या शेवटच्या पडेल भावाशी थेट ताडला तर नुसता गोंधळ.

आणि भाव पाकिटाचा नाही, ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा नोंदवा. 200 ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत 180 ग्रॅमचं झालं तर ती 11.1 टक्के वाढ आहे. त्यासाठी शीटमध्ये वजनाचा वेगळा रकाना हवा आणि तो दर वेळी पाकिटावरून वाचून भरायचा, वरून खाली ओढायचा नाही. बिस्किटं, चॉकलेट, शीतपेयं यांत हे हमखास निसटतं.

आधारवर्ष: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मागच्या वर्षात आहे. समजा मागच्या वर्षी निर्देशांक मे महिन्यात 120 आणि जूनमध्ये 126 होता. यंदा मे 129.6, जून 130.2. मेचा वार्षिक दर 8 टक्के, जूनचा 3.3. महिन्याभरात भाव जवळपास अर्धा टक्का वाढलेच, पण तुलनेचा पाया एकदम 6 अंकांनी उंचावला. यालाच बेस इफेक्ट म्हणतात. दर उतरला म्हणजे स्वस्ताई आली, ही बातम्यांमधली नेहमीची गल्लत.

महिन्याचा दर पाहायचाच तर हंगामी चढउतार काढलेली मालिका घ्या; कच्च्या मालिकेत भाज्यांचा हंगामच बोलतो.

आकडेमोड: जिओमीन लावलं, फुगवटा बराच उतरला. आता एकूण महागाईत खाद्यपेयांचा वाटा काढायचाय. भारांक गुणिले वाढ, एवढं पुरे?

आधारवर्ष: नाही. भारांक आधार वर्षाचा असतो, त्याला भावांच्या आजवरच्या वाढीने अद्ययावत करावं लागतं. गटाचा भारांक 30 टक्के, वर्षापूर्वी गटाचा निर्देशांक 150 आणि एकूण निर्देशांक 125, गटाची वाढ 10 टक्के. तर वाटा 0.30 × (150/125) × 10 = 3.6 टक्केबिंदू. तुमच्या पद्धतीने 3 आला असता.

वजनकाटा: जोडीला व्याप्तीही तपासा. कोइकॉप 2018 या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात विभाग 01 म्हणजे खाद्यपदार्थ आणि मद्यविरहित पेयं. मद्य विभाग 02 मध्ये तंबाखूसोबत, आणि हॉटेलातलं खाणं विभाग 11 मध्ये. तुमच्या 60 वस्तूंत हॉटेलातलं जेवण किंवा मद्य असेल आणि ताडताय विभाग 01 शी, तर सूत्रं कितीही बरोबर असली तरी आकडे जुळणार नाहीत.