समोर आहे एक, दिसतं भलतंच : तुमचे अनुभव लिहा

लोकलवाली

परवा दादरला स्लो लोकलमध्ये चक्क खिडकी मिळाली. (धागा खरं तर यावरच काढायला हवा होता.) शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी. आमची सुटली असं वाटून मी पर्स सावरली, पाय रोवले, पोटात ते ओळखीचं हललंही. मग त्या गाडीचा शेवटचा डबा सरकून गेला आणि मागे प्लॅटफॉर्मचा खांब दिसला, जागच्या जागी. सुटली होती ती शेजारची. वीस वर्षं याच मार्गावर जातेय आणि आठवड्यातून दोनदा तरी अशी फसते.

थोडं शोधाशोध केल्यावर कळलं की चूक तशी शहाणपणाची आहे. नजरेत मावणारं सगळंच एका दिशेने सरकायला लागलं की मेंदू धरून चालतो, हलतोय ते आपणच. अख्खं जग एकदम सरकलं असं सहसा होत नाही ना. कानातल्या तोलाच्या यंत्रणेला विचारावं, तर तिला फक्त वेग बदललेला कळतो. एकसारखी चाललेली गाडी आणि उभी गाडी तिच्या लेखी सारखीच. मग डोळ्यांचं म्हणणं मान्य होतं.

या अभ्यासाची एक मोठी सुरुवातही आगगाडीच्या प्रवासातच झाली, असं सांगतात. १९१० साली माक्स वेर्टहायमर हा मानसशास्त्रज्ञ सुट्टीवर निघाला होता. वाटेत डोक्यात कल्पना आली म्हणून फ्रँकफुर्टला उतरला, चित्रं हलताना दाखवणारं एक खेळणं विकत घेतलं आणि हॉटेलच्या खोलीत प्रयोग करत बसला. १९१२ मध्ये त्यावर त्याचा निबंध आला. दोन रेघा ठरावीक अंतराने आळीपाळीने दाखवल्या की दोन रेघा दिसत नाहीत, एकच रेघ इकडून तिकडे जाताना दिसते. आपल्या डब्यातल्या इंडिकेटरवर 'पुढील स्टेशन' सरकत जातं ना, त्यातलं काहीही सरकत नसतं. दिवे जागच्या जागी लागतात आणि विझतात. मी आता मुद्दाम बारकाईने बघते, तरी अक्षरं सरकतातच.

तर तुमचे अनुभव लिहा. स्वतःचे किंवा घरातले. व्हॉट्सॲपवर फिरणारी 'यात किती वाघ दिसतात' छाप चित्रं नकोत.

साचेकर

लोकलवाली ताई, आमच्याकडे तर हा धंद्याचा भाग आहे. लालबागला काकांचा मूर्तींचा कारखाना. गणपतीबरोबर गौरीचे मुखवटेही होतात. साच्यात शाडू दाबायचा, सुकला की काढायचा. रिकामे साचे भिंतीला टेकून ठेवलेले असतात, म्हणजे आपल्याकडे चेहऱ्याची पोकळ बाजू.

आता गंमत बघा. आठ-दहा फुटांवरून एक डोळा मिटून त्या साच्याकडे पाहा. चेहरा पोकळ दिसत नाही. नाक, गाल, कपाळ, सगळं तुमच्याकडे फुगून येतं. आणि तुम्ही चालायला लागलात की ती गौर मान वळवून तुमच्या मागे मागे बघते! लहानपणी जेवणाचा डबा द्यायला संध्याकाळी कारखान्यात जायचो, तेव्हा दारातूनच हाक मारायचो. काकांना कारण माहीत होतं, पण ते म्हणायचे, "बघतेय ती, अभ्यास केलास का विचारतेय."

मोठेपणी वाचलं की रिचर्ड ग्रेगरी या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने असाच पोकळ मुखवटा वापरून खूप काम केलंय. आपण जन्मभर बाहेर आलेले चेहरेच पाहिलेले असतात, म्हणून मेंदू पोकळ चेहरा कबूलच करत नाही. कारखान्यात दिवा वर असतो, त्यामुळे फुगलेला दिसणारा चेहरा खालून उजेड पडल्यासारखा भुताटकी वाटतो. तरीही मेंदू चेहऱ्याचीच बाजू घेतो. मी तीस वर्षं हे साचे हाताळतोय. हात आत घातला की पोकळ, काढला की परत उठाव. माहीत असण्याचा काडीचा उपयोग होत नाही.

अजून एक गोष्ट वाचून मी चाट पडलो होतो. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांना हा भास आपल्यापेक्षा कमी होतो. त्यांना पोकळ मुखवटा पोकळच दिसतो. म्हणजे इथे बरोबर बघणारे ते आणि फसणारे आपण.

ठिपकेवाली

माझा अनुभव साधा आहे. रांगोळीचा भोकं पाडलेला कागद माळ्यावर ठेवला होता, तो एका बाजूने चुरगळून आखडला. दिवाळीत त्यावरून ठिपके टाकले तर आडवं अंतर थोडं कमी, उभं तेवढंच. फरक अगदी नखाएवढा. पण दारात येणारा प्रत्येक जण म्हणाला, "या काय आडव्या ओळी काढल्यास?" ओळी नव्हत्याच, नुसते ठिपके होते! जवळजवळचे ठिपके मेंदू आपसूक एका घरातले मानतो, हे मला वर्षभराने कळलं. मरीन ड्राइव्हचे सुटे दिवे कमला नेहरू पार्कातून हार होऊन दिसतात, तेही त्यातलंच असावं.

कोणतुम्ही

आयडी वाचून कळलंच असेल. मला चेहरे ओळखू येत नाहीत. नजर उत्तम आहे, नाक-डोळे-मिशा सगळं स्पष्ट दिसतं, पण त्याचा 'अमुक माणूस' होत नाही. याला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात. हे नाव १९४७ साली योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरने दिलं. त्याचे रुग्ण मेंदूला इजा झालेले होते, मी जन्मापासूनच असा. मेंदूच्या तळाशी चेहऱ्यांवर खास काम करणारा एक भाग असतो, तो माझ्याकडे नीट हजेरी लावत नाही.

लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात मुलुंड स्टेशनवर सासरे समोर आले. हसले. मी बाजूला झालो, त्यांना वाटलं जावई माजला. सहा महिने बोलणं बंद. त्यांना समजावताना बायकोला घाम फुटला, कारण "मला सगळ्यांचे चेहरे सारखेच वाटतात" हे ऐकून ते म्हणाले, "मग लग्न कोणाशी केलंस ते तरी माहीत आहे का?"

माहीत आहे, चालीवरून. ब्रिजवरून उतरणाऱ्या शंभर बायकांत मी तिला पाठमोरी ओळखतो. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहानसनने माणसांच्या सांध्यांवर दहा-बारा दिवे लावून त्यांचं अंधारात चित्रण केलं. उभे असताना नुसते ठिपके. पाऊल टाकलं रे टाकलं की बघणाऱ्याला माणूस दिसतो. ठिपकेवाली, तुमच्या कागदाचा हा चालता भाऊ.

काकाबोरिवली

मेंदूला कशाला दोष? निम्म्या लोकांनी चष्म्याचा नंबर तपासावा. मला अजून बेस्टचा बोर्ड सिग्नलपलीकडून वाचता येतो. आहे ते दिसतं.

लोकलवाली

काका, मग हे करून बघाच. कोऱ्या कागदावर दोन टिकल्या लावा, एकमेकींपासून चार बोटं, म्हणजे साधारण आठ सेंटीमीटर, आडव्या ओळीत. डावा डोळा झाका, उजव्याने फक्त डावी टिकली बघा आणि कागद फूटभर अंतरावर हळूहळू पुढे-मागे करा.

काकाबोरिवली

गेली की टिकली! आणि तिथे भोक नाही, कागदच दिसतो. रेघांच्या वहीवर केलं तर रेघ सलग! हे काय?

लोकलवाली

डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस पडद्यातून बाहेर पडते तिथे बघणाऱ्या पेशीच नसतात. फ्रान्सच्या मारिऑतने १६६०च्या दशकात दाखवून दिलं. दोन्ही डोळ्यांत ही जागा आहे. आजूबाजूला जे असेल ते मेंदू तिथे भरून टाकतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. नंबर मात्र तुमचा उत्तम असणार, शंका नाही.

गिरगावकरीण

लिहू की नको करत होते. काकांची टिकली वाचून लिहितेय.

आजी ८६ वर्षांची. चाळीतली खोली, गॅलरीत तिची खुर्ची. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, कडेचं थोडं दिसतं. गेल्या पावसाळ्यात ती एकटक कपाटाच्या वर बघायला लागली. विचारलं की "काही नाही." मग एकदा मला हळूच म्हणाली, "तिथे बायका बसतात गं. वीतभर उंचीच्या. नऊवारीत. बोलत काही नाहीत." चार महिने ती हे बघत होती आणि गप्प होती, वेडी ठरवतील म्हणून. आत्याने लगेच पत्रिका काढली, शेजारच्या काकूंनी नारळ उतरवायला सांगितला. आधी नेलं त्या डॉक्टरांनी मेंदूविकाराच्या गोळ्या लिहून दिल्या, आजी दिवसभर पेंगायला लागली.

शेवटी डोळ्यांच्या एका डॉक्टरबाईंनी आजीलाच विचारलं, "त्या खऱ्या आहेत असं वाटतं का?" आजी म्हणाली, "छे! कपाटावर कोण बसेल?" बाई हसल्या. याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. बोनेने १७६० साली आपल्या आजोबांबद्दल हेच लिहिलं होतं. नजर अधू, डोकं शाबूत, आणि समोर माणसं, पक्षी, इमारती. डोळ्यांकडून माल यायचा थांबला की मेंदूचा बघणारा भाग रिकामा बसत नाही, आपल्याच कोठारातला काढतो. खोलीत उजेड वाढवा, त्या आल्या की नजर डावी-उजवी फिरवा, कधी कधी जातात, असं सांगितलं. गोळ्या बंद झाल्या. आजी त्या दिवशी टॅक्सीत पहिल्यांदा मोकळी रडली.

लोकलवाली

बरं झालं लिहिलंस. याची उलटी बाजूही आहे. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया होते. अशा मुलांना दिल्लीत 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी तपासलं. एकमेकांवर आलेले दोन चौकोन दाखवले की सुरुवातीला त्यांना दोन दिसत नव्हते, रेघांनी पडलेला प्रत्येक तुकडा वेगळी वस्तू वाटायची. चित्र हललं की जमायचं. डोळे मिळाले होते, जुळवणी शिकायची होती.

आणि त्या बायका? अजून येतात?

गिरगावकरीण

येतात. काल कपाटावर जागा नव्हती म्हणून एक फ्रिजवर बसली होती म्हणे. मी चहा ठेवत होते, तर आजी म्हणाली, "त्यांचा टाकू नकोस, त्या घेत नाहीत."