मत वेगळं, टेबल एकच : तुमचे अनुभव लिहा

निवडणूक निकालाच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचलो, तर माझ्या आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या टेबलांच्या मधलं पंचिंग मशीन त्याच्या बाजूला सरकलेलं. अकरा वर्षं ते बरोबर मध्ये असायचं. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी घरून स्वतःचं घेऊन आलो. पन्नाशीला टेकलेली दोन माणसं अशी वागतात याची लाज वाटते, पण झालं ते हे असं.

भांडण म्हणावं असं काही झालंही नव्हतं. मतमोजणी चालू होती, तो मोबाइलवरचे आकडे मोठ्याने वाचत होता. मी म्हणालो, "जरा हळू वाच, सगळ्यांनाच आनंद झालेला नाही." तो म्हणाला, "ज्यांना झाला नाही त्यांनी कानात बोटं घालावीत." बस, एवढंच. तेव्हापासून आमचं बोलणं व्हाउचरपुरतं. आणि हाच तो माणूस, ज्याने माझ्या दीड महिन्याच्या आजारपणात स्वतःचं काम संपवून, मागे थांबून माझी बँकेची जुळवणीपत्रकं पूर्ण केली होती. कुणाला बोललाही नव्हता.

तर तुम्ही काय करता ते सांगा. कोण बरोबर हे इथे ठरवायचं नाहीये. पक्ष, नेता, देश लिहू नका. नावाऐवजी काम लिहा. आणि एक अट : तुमची बाजू कोणती हे वाचणाऱ्याला कळता कामा नये. वाटते तितकी सोपी नाही ही अट. वरच्या परिच्छेदांतून मी दोन विशेषणं काढून टाकली आहेत.

परिचारिका, १७ वर्षे

ती दिवसपाळी संपवून उतरते, मी रात्रीला चढते. आमची गाठ रोजची वीस मिनिटं, ओव्हर देण्या-घेण्यापुरती, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला सांगण्यापुरती. तिची मतं मला सहन होत नाहीत. माझीही तिला होत नसणार.

एके संध्याकाळी वॉर्डातल्या टीव्हीवर चर्चा चालू होती. तिने जाता जाता एक वाक्य टाकलं, मी त्याला उत्तर दिलं, पुढे दोन-चार वाक्यं चढ्या आवाजात झाली. मग तिने फाइलमधून धडाधडा ओव्हर वाचून दाखवला आणि मी तो ऐकल्यासारखं केलं. खरं म्हणजे तेव्हा मी मनात तिला पाचवं उत्तर देत होते.

रात्री एका पेशंटचं इन्सुलिन भरलं. तक्त्यावर त्या वेळेची सही नव्हती, म्हणजे द्यायचं राहिलंय. सुई घेऊन पलंगापाशी गेले तर आजोबा म्हणाले, "सिस्टर, हे मघाशी त्या दुसऱ्या सिस्टरनी दिलं की." माझे हातपाय गार पडले. साखर तपासली, डॉक्टरांना कळवलं, तिच्या घरी फोन लावला. दिलं होतं तिने. सही राहिली होती. ओव्हर देताना ती हे बोललीही होती म्हणे. बोलली असेल. आजोबा झोपलेले असते, किंवा त्यांना बोलता येत नसतं, तर काय झालं असतं हे मी इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

ती फोनवर म्हणाली, "सही माझी राहिली." मी म्हणाले, "विचारलं मी नाही." रजिस्टरमध्ये दोघींनी आपापलं लिहिलं.

तेव्हापासून आम्ही काउंटरवर उभं राहून ओव्हर करत नाही. एकेका पलंगापाशी जातो, तक्ता दोघींच्या मध्ये धरतो, ती सांगते ते मी तिला परत म्हणून दाखवते. टीव्ही आधी बंद. मैत्री वगैरे झालेली नाही, ती दिसली की कपाळाला आठी पडतेच. पण आमच्या वॉर्डात तिच्यासारखा ओव्हर कुणी देत नाही, हेही इथे लिहायला हवं.

ग्राहक सेवा, ४ वर्षे

मी दिवसभर हेडफोन घालून बसतो. त्यात गाणं लावलेलं नसतं.

सॉफ्टवेअर, टीम लीड

आमच्याकडे सगळं ग्रुपवर. आधी एकच ग्रुप होता. मग फॉरवर्डवरून वाजलं आणि दोन झाले. मग कामाचं बोलायला जागा उरेना म्हणून तिसरा निघाला. मी तिन्हींत आहे. एकदा दोन्ही ग्रुपवर अर्ध्या तासाच्या अंतराने एकच व्हिडिओ आला. एका ठिकाणी खाली लिहिलेलं, "बघा यांचे धंदे", दुसऱ्या ठिकाणीही "बघा यांचे धंदे". 'यांचे' म्हणजे कोणाचे एवढाच फरक.

पण सांगायची गोष्ट वेगळी आहे. स्वतःबद्दल माझा समज होता की मी कामात कधी राजकारण आणत नाही. टीममधल्या एका मुलाची मतं मला डोक्यात जातात, पण त्याच्याशी मी नीट बोलतो, हसतो, सगळं व्यवस्थित. एकदा वार्षिक मूल्यमापनासाठी जुने कोड रिव्ह्यू, म्हणजे टीमचा कोड तपासून मी दिलेले शेरे, चाळत होतो. जवळपास सारख्याच आकाराचे दोन बदल : एक त्याचा, एक माझ्या मित्राचा. त्याच्या कोडवर माझे १४ शेरे, मित्राच्या कोडवर ३. व्हेरिएबलच्या नावावरून त्याला दोनदा टोकलेलं. मित्राने तसंच नाव दिलं होतं, ते मला दिसलंच नव्हतं.

अमेरिकेत शांतो अय्यंगार आणि शॉन वेस्टवूड यांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना शिष्यवृत्तीसाठी दोन विद्यार्थ्यांचे अर्ज दिले, त्यात इतर माहितीबरोबर कोण कोणत्या पक्षाचा तेही कळत होतं. सुमारे ८० टक्के पक्षनिष्ठांनी आपल्या पक्षाचा विद्यार्थी निवडला. समोरच्याचे गुण जास्त असले तरी फारसा फरक पडला नाही. हे पूर्वी वाचलं तेव्हा मी मान हलवून म्हणालो होतो, "लोक असेच असतात."

आता मी रिव्ह्यूला बसताना नाव झाकतो. चक्क स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर चिकटचिठ्ठी लावतो. कोड लिहिण्याच्या पद्धतीवरून निम्म्या वेळा कोण ते ओळखू येतंच. तरी लावतो.

शाळा, विज्ञान शिक्षिका, आता निवृत्त

शिक्षक खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर इतिहासाचे सर. मधल्या सुट्टीत वादाला सुरुवात, घंटा वाजली की खडू उचलून दोघं आपापल्या वर्गावर, पुढच्या सुट्टीत मागील पानावरून पुढे चालू. मी आकडे आणायची, ते दुसरे आकडे आणायचे. तीन वर्षांत दोघांचं एक इंचही हललं नाही.

मग माझ्या वाचनात एक प्रयोग आला. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये मांडलेला. लोकांना विचारायचं, झिप कशी चालते, फ्लश कसा चालतो, हे तुम्हाला किती समजतं? लोक स्वतःला भरपूर गुण देतात. मग म्हणायचं, आता टप्प्याटप्प्याने समजावून सांगा. सांगता सांगता गाडी अडते, आणि लोक आपले गुण आपणच कमी करतात. पुढे २०१३ मध्ये फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी हीच युक्ती सरकारी धोरणांवर वापरली.

मला वाटलं, सापडलं शस्त्र! दुसऱ्या दिवशी विचारलं, "सर, तुमचं ते धोरण चांगलंच आहे असं धरून चालू. पण आदेश निघाल्यापासून शेवटच्या माणसापर्यंत ते पोचणार कसं, तेवढं पायरीपायरीने सांगा." तिसऱ्या पायरीला सर अडखळले. मी मनातल्या मनात लाडू फोडते आहे, तोवर चष्मा पुसत ते म्हणाले, "बरं, बाई, आता तुमचं सांगा."

मी दुसऱ्याच पायरीला अडकले. विज्ञानाची शिक्षिका!

मतं काही बदलली नाहीत, दोघांचीही. पण पुढच्या सुट्ट्यांमध्ये वाद राहिला बाजूला, आम्ही त्या मधल्या पायऱ्या शोधत बसायचो. त्यांनी त्यासाठी एक वही घातली होती. ती वही अजून त्यांच्याकडेच आहे. एकदा मागून घ्यायला हवी.

क्रेन ऑपरेटर

मी वर केबिनमध्ये, खाली इशारे देणारा. मला त्याचे हात दिसतात, तोंड ऐकू येत नाही. त्यामुळे आमचं छान जमतं.

कार्यालयीन सहायक, ९ वर्षे गप्प

तुम्ही सगळे वाद घालणारे दिसता. मी दुसऱ्या जातीची. होला हो करणारी.

आमच्या विभागात सगळे एका बाजूचे. जेवणाच्या वेळी विनोद होतात, मी हसते. एकदा तर एक विनोद मीच पुढे सांगितला. घरी आल्यावर तोंडात कडू चव राहिल्यासारखं झालं. नऊ वर्षं झाली, आता खरं सांगायला गेले तर लोक विचारतील, मग इतके दिवस हसत का होतीस?

मागच्या वर्षी एक नवीन बाई बदलून आल्या. पहिल्याच आठवड्यात तसाच एक विनोद झाला आणि त्या हसल्या नाहीत. भाषण नाही, टोमणा नाही, काही नाही. फक्त हसल्या नाहीत, समोरचं संपवत राहिल्या. मीही हसले नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्याने टेबलावर क्षणभर काहीतरी बिनसलं, मग कुणीतरी विषय बदलला.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचा रेघांचा प्रयोग पुष्कळांना माहीत असेल. सारख्या लांबीची रेघ ओळखायची असते. खोलीतले बाकी सगळे आधीच शिकवून ठेवलेले, ते मुद्दाम चुकीच्या रेघेला बरोबर म्हणतात आणि एकट्या पडलेल्या खऱ्या माणसाची उत्तरं ३६.८ टक्के वेळा घसरतात. त्याचा पुढचा भाग मला जास्त जवळचा वाटतो. खोलीत खरं उत्तर देणारा आणखी एकच जण बसवला, तर ही घसरण एक चतुर्थांशावर येते. एकच माणूस लागतो.

त्या बाईंचं मत नेमकं काय आहे ते मी अजून विचारलेलं नाही. कदाचित त्यांना विनोदच आवडला नसेल.

नोकरी सोडलेला

वाचतोय सगळं. छान लिहिताय. पण या सगळ्या बरोबरीच्या माणसांच्या गोष्टी आहेत. माझा समोरचा माझा साहेब होता.

तो पोस्ट टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सहज विचारायचा, "काय रे, बघितली नाहीस का माझी पोस्ट?" आधी मी लाइक करायचो. मग बंद केलं. मग सुट्टीचे अर्ज अडकायला लागले, चांगली कामं दुसऱ्याकडे जायला लागली. कारण कधीच कागदावर आलं नाही. 'टीममध्ये मिसळत नाही' असा शेरा आला. दीड वर्षाने राजीनामा दिला.

नंतर कळलं की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ सालचा १११ क्रमांकाचा करारच या विषयावर आहे. नोकरीत भेदभाव कशावरून करू नये त्या यादीत वंश, रंग, लिंग, धर्म यांच्या शेजारीच राजकीय मतही आहे. वाचून बरं वाटलं. पण करार सरकारांना बांधतो, माझ्या साहेबाला नाही. त्याच्यापर्यंत पोचायला तुमच्या देशाचा कायदा लागतो आणि पुरावा लागतो. माझ्याकडे होता तो 'मिसळत नाही' एवढाच. तेव्हा कुणी याच वाटेवर असेल तर आत्तापासून तारखा लिहून ठेवा : कोणता अर्ज कधी दिला, काय उत्तर आलं, कोणासमोर बोलणं झालं. आणि ती वही ऑफिसच्या संगणकावर ठेवू नका.

गोदाम, हिशेबनीस

धागाकर्त्यांना एक विचारायचं आहे. तुम्ही याला मतभेद म्हणता. माझ्या सहकाऱ्याचं मत असं आहे की माझ्यासारख्यांना इथून हाकलून द्यायला हवं. हे तो माझ्यासमोर बोलतो, वर म्हणतो, "तू नाही रे, तू आपला आहेस." त्याच्याबरोबर मी रोज माल मोजतो, त्याचे आकडे चोख असतात. यावर तोडगा मागत नाही. 'मत वेगळं' या शीर्षकात माझं प्रकरण बसत नाही, एवढंच नोंदवतो.

धागाकर्ता

हिशेबनीस, तुमचं लिहिणं कालपासून डोक्यात आहे. शीर्षक बदलायला गेलो, पण तुमचं प्रकरण ज्यात बसेल असं शीर्षक सुचलं नाही. सुचलं असं दाखवतही नाही. माझ्याकडे गेलं काय, तर एक पंचिंग मशीन. ते आणि तुमचं एका पारड्यात घालणं चूकच. "तू नाही रे" हे वाक्य मीही कधीतरी कुणाला म्हटलं असेल का, ते आठवतोय. एक माणूस आठवला. पुढचं इथे लिहीत नाही.

राजीनामा दिलेल्या मित्रा, तुमचा वहीचा सल्ला मी ओळखीच्या दोघांना कळवला आहे.

बाकी, बाजू न कळू देण्याची अट कितपत पाळली गेली त्याचा हिशोब : मला तीन खासगी निरोप आले. एकाने 'आपल्यातलेच दिसता' म्हणून अभिनंदन केलं. दुसऱ्याने नेमक्या उलट बाजूने तेच केलं. तिसऱ्याला पंचिंग मशीनची कंपनी हवी होती.

उद्यापासून ऑडिट आहे. मार्चच्या एका रकमेचा ताळा लागत नाहीये, आणि ती नोंद मी आजारी होतो त्या दिवसांतली, म्हणजे त्याच्या हातची आहे. संध्याकाळी उशिरापर्यंत बसावं लागेल. मघाशी जाता जाता त्याला म्हणालो, "उद्या थांबशील का?" तो म्हणाला, "फाइल काढून ठेव. आणि भोकं नीट पाड, तुझ्या त्या नव्या मशीनची वाकडी येतात."

वाकडी येतात, खरंय.