पुराची आगाऊ सूचना: काय वाचले, काय खर्च झाले? आपले अनुभव लिहा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठचे लोक अंथरुणातून उठले ते थेट पाण्यात. तेव्हापासून पूर्वसूचना यंत्रणेचा विषय निघाला की चर्चा यंत्रांच्या किमतीपाशी अडकते. मला हा हिशेब घराघरांतून मांडलेला हवा आहे. सूचना न मिळाल्याने काय गेले, मिळाल्याने काय वाचले, आणि पूर आलाच नाही तेव्हा सूचनेपायी किती खर्च झाला, हे कृपया आपापल्या आकड्यांसह लिहावे.

अंबाझरी ले-आउट, निवृत्त शिक्षिका

आदल्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्यांचे जेवण होते, त्यामुळे सारे घर दमून झोपले होते. जाग आली ती स्वयंपाकघरात तरंगणारी भांडी एकमेकांवर आपटण्याच्या आवाजाने. वीसेक मिनिटांत पाणी ओट्याला लागले आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना आम्ही खुर्चीसकट जिन्यावर नेले. नंतर मी गेलेल्या वस्तूंची यादी केली, ती सुमारे सहा लाखांची झाली. मग त्याच यादीत, तासभर आधी कळले असते तर काय वाचले असते, त्यावर खुणा केल्या. पलंग, कपाटे आणि फ्रीज हलले नसतेच. पण गाडी चढावरच्या रस्त्यावर नेता आली असती, कागदपत्रे आणि औषधे माळ्यावर गेली असती, मेन स्विच बंद झाला असता. खुणा केलेल्या वस्तूंची बेरीज साडेतीन लाख भरली. सासूबाई मात्र अजूनही रात्री पाऊस वाढला की जिन्यावर जाऊन बसतात, आणि ते कोणत्या रकान्यात लिहावे हे मला समजलेले नाही.

सीताबर्डी, कापड दुकानदार

माझे गोदाम तळघरात आहे आणि त्या पहाटे अकरा लाखांचा माल भिजला. आता ऑरेंज अलर्ट आला की दोन हमाल लावून गठ्ठे वरच्या फळ्यांवर चढवतो. एका खेपेला चौदाशे रुपये लागतात. एका पावसाळ्यात असे सात वेळा केले आणि एकदाही पाणी आले नाही, म्हणजे ९,८०० रुपये गेले. घरचे म्हणतात की हा पैसा वाया गेला. मी म्हणतो, वीस वर्षे असेच चालले तरी दोन लाखांच्या आतच राहतो. माझी अडचण वेगळी आहे. इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो, त्यामुळे पाऊस काटोलकडे पडायचा असला तरी गठ्ठे मी इथे उचलतो. अशा पाच-सहा खेपांनंतर हमालही विचारतात, ‘खरंच चढवायचे का?’

निवृत्त अभियंता, जलसंपदा

वरील प्रश्नाचे मूळ पाणलोटाच्या, म्हणजे ज्या भागातील पावसाचे पाणी एका नदीत किंवा तलावात येते त्याच्या, आकारात आहे. मोठ्या नदीचा पूर वरून खाली यायला वेळ घेतो, तर शहरातील तलाव आणि नाले तासा-दोन तासांतच भरतात. अंबाझरीच्या सांडव्याला (जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेला) त्या वेळी दरवाजे नव्हते, त्यामुळे पातळी वाढली की पाणी आपोआप वाहणार, हे ठरलेलेच होते. तिथे तलावाची पातळी सतत मोजणे आणि रडारवर दिसणारा पाऊस त्या मोजमापाशी जोडणे, एवढे केले तरी हाती थोडा वेळ लागतो. मुंबईत २०२० मध्ये सुरू झालेली आय-फ्लोज ही पूरसूचना यंत्रणा वॉर्डनिहाय अंदाज देण्यासाठीच उभारलेली आहे.

हवामान बदलाशी जुळवून घेण्याचा विचार करणाऱ्या जागतिक अनुकूलन आयोगाच्या २०१९ च्या अहवालानुसार चोवीस तास आधी मिळालेल्या सूचनेने नुकसान तीस टक्क्यांनी घटू शकते. आपल्याला चोवीस तास मिळणार नाहीत, म्हणून तो आकडा जसाच्या तसा इथे लावणे मला पटत नाही. माझ्या अनुभवात यंत्राची खरेदी हा लहान खर्च असतो. दर पावसाळ्याआधी संवेदक (पातळी मोजणारे सेन्सर) तपासणे, आणि पहाटे तीन वाजता आकडा पाहून भोंगा वाजवण्याचा अधिकार असलेला माणूस जागा ठेवणे, हा दरवर्षीचा खर्च आहे. अंदाजपत्रकात कात्री लागते ती नेमकी याच बाबीला.

माहेर भंडारा, सध्या मानेवाडा

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा मी भंडाऱ्यात होते. पाणी मध्य प्रदेशातील संजय सरोवराकडून येत होते, म्हणजे वेळ हाताशी होता. विसर्गाचे क्युसेकमधले (सेकंदाला किती घनफूट पाणी सोडले याचे) आकडे फोनवर फिरतही होते. परंतु त्या आकड्याला पाणी आमच्या गल्लीत येणार की नाही, हे बाबांना कोणीही सांगू शकले नाही. त्यांनी १९९४ चा पूर आठवून ‘इथवर येत नाही’ असे ठरवले आणि धान्याच्या कोठ्या खालीच राहिल्या. सूचना होती, पण तिचा आम्हाला काडीचा उपयोग झाला नाही.

नाल्याकाठची वस्ती (आईच्या वतीने मुलगा लिहितो आहे)

आई चार घरी धुणीभांडी करते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मोबाइलवर इशारा आला, म्हणून आम्ही सामान बांधून शाळेच्या व्हरांड्यात गेलो. पाणी आले नाही. आईचे दोन दिवसांचे काम बुडाले आणि एका घरी पगार कापला गेला. शाळेचे दार कुलूपबंद होते, त्यामुळे लहान बहीण रात्रभर पावसात भिजली. पुढचा इशारा आला तर जायचे का, असे मी आईला विचारले. ती म्हणाली, ‘जाऊ, पण आधी किल्ली कोणाकडे आहे ते विचारून ये.’