ठरवलं नव्हतं तरी पकिप्सीला जाऊन आले, पण मुख्य गोष्टच बघायची राहिली. परत जाऊ का?

कल्याणची_मुलगी

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मी ऑगस्टपासून न्यूयॉर्कला मास्टर्स करतेय. काल शुक्रवारचं लेक्चर सकाळी अचानक कॅन्सल झालं आणि रूमवर बसून परत लॅपटॉप उघडायची अजिबात इच्छा नव्हती म्हणून सॅकमध्ये डबा टाकला, ग्रँड सेंट्रलला गेले आणि बोर्डवर जी गाडी सगळ्यात आधी सुटणार होती तिचं शेवटच्या स्टेशनपर्यंतचं तिकीट काढलं. ते स्टेशन पकिप्सी.

जवळजवळ दोन तास लागतात आणि बहुतेक सगळा वेळ डाव्या हाताला हडसन नदी. ऑक्टोबरचा शेवट असल्याने दोन्हीकडचे डोंगर नुसते लाल-पिवळे झालेत, मध्येच नदीतल्या एका छोट्या बेटावर पडका किल्ला दिसतो, मी तर खिडकीला चिकटूनच बसले होते. उतरल्यावर लोक चालले होते त्यांच्या मागे गेले तर नदीवरचा जुना रेल्वेचा पूल लागला, आता तो फक्त चालायला आणि सायकलला ठेवलाय, पाण्यापासून २१२ फूट उंच, सव्वा मैलाहून थोडा जास्त लांब, आणि पैसे काही नाहीत. मधोमध उभं राहून थालीपीठ खाल्लं. खोटं कशाला सांगू, इथे आल्यापासून पहिल्यांदा छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं.

रात्री घरी फोन केला, तिकडे सकाळ, आजी चहा घेत होती. गावाचं नाव ऐकल्यावर म्हणाली, "अगं, तिथे तर आनंदीबाईंच्या अस्थी आहेत, तू गेलीस ना तिथे?" आजी कल्याणला शाळेत शिकवायची आणि डॉक्टर आनंदीबाई जोशींचं माहेर कल्याणचं म्हणून वर्गातल्या प्रत्येक मुलीला ती गोष्ट सांगायची, मीही कितीदा ऐकलीये, पण गावाचं नाव कधी लक्षातच राहिलं नव्हतं. मी त्याच गावात चार तास होते! रात्रभर झोप नाही लागली.

तर त्या अस्थी आहेत ती दफनभूमी स्टेशनपासून किती लांब आहे, गाडी नसताना जाता येतं का, आत कोणालाही सोडतात का? आणि मिडटर्म तोंडावर असताना पुढच्या शनिवारी परत चार तासांचा प्रवास करणं बरोबर आहे का?

हडसन_लाइन

जा. पकिप्सी रूरल सेमेटरी असं नाव आहे, साउथ अ‍ॅव्हेन्यूवर, स्टेशनपासून दक्षिणेला साधारण दोन मैल. चालत जाता येईल पण तो रूट नाइन या हायवेच्या बाजूचा रस्ता आहे, गाड्या जोरात असतात, मी तरी सांगणार नाही. स्टेशनवरून कॅब करा, दोघी-तिघी असाल तर काहीच वाटत नाही. सेमेटरी सगळ्यांना खुली असते, उजेड असताना जा. आत फार मोठी जागा आहे, झाडी, चढउतार, नुसतं फिरत बसलात तर दिवस जाईल, म्हणून आधी ऑफिसला फोन करून जागा विचारून घ्या, आणि आनंदीबाईंचं आडनाव सांगताना शेवटी डबल ई (Joshee) सांगा, त्या स्वतः तसंच लिहायच्या.

तिकीट अ‍ॅपवर आधीच काढा, गाडीत काढलं तर जास्त पैसे घेतात. शनिवार-रविवारी दिवसभर ऑफ-पीकचाच, म्हणजे कमी गर्दीच्या वेळचा स्वस्त दर असतो.

आणि तुम्ही ज्या पुलावर उभ्या होतात ना, आनंदीबाई वारल्या त्या १८८७ साली त्याचं काम चालू होतं. १९७४ ला त्याला आग लागली, रेल्वे बंद पडली, आणि लोकांसाठी उघडला तो २००९ मध्ये.

कोल्हापूरची_डॉक्टर

बाळ, जाऊन ये. मी न्यू जर्सीत असते, दोनदा गेलेय. माझी इंटर्नशिप कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलला झाली, त्यालाच पूर्वी अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणायचे, आणि तिथल्या बायकांच्या वॉर्डची प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक झाली होती. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला एम.डी. झाल्या, वर्षअखेरीला घरी पोचल्या त्या क्षयाने खंगलेल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. बाविसावं वर्षही पूर्ण नव्हतं. ज्या वॉर्डात मी रात्र-रात्र ड्युटी केली तिथे त्यांना एक दिवसही काम करता आलं नाही, हे इथल्या त्यांच्या समाधीच्या दगडापुढे उभं राहिल्यावर मला जेवढं लागलं तेवढं आधी कधीच लागलं नव्हतं.

आणि अस्थी इथे कशा, तर थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या अमेरिकन बाईंमुळे. डेंटिस्टकडे नंबर यायची वाट बघत असताना या बाईंनी एका मासिकात आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव यांचं पत्र वाचलं आणि ओळखपाळख नसलेल्या मुलीला पत्र लिहायला घेतलं. १८८३ मध्ये आनंदीबाई बोटीने आल्या तेव्हा त्यांना उतरवून घ्यायलाही त्याच आल्या होत्या, न्यू जर्सीतल्या रोझेलला आपल्या घरी ठेवून घेतलं. आनंदीबाई गेल्यानंतर अस्थी त्यांच्याकडेच पाठवल्या आणि त्यांनी त्या पकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. म्हणजे पाहुणी म्हणून नाही गं, घरची म्हणून. तिथे उभी राहशील तेव्हा त्या बाईंचीही आठवण काढ.

मधलं_स्टेशन

माझं मत थोडं वेगळं आहे. मिडटर्म आधी नीट दे. पहिल्या सेमिस्टरला माझा एक पेपर गेला आणि स्कॉलरशिप जाता जाता वाचली, ते टेन्शन नको. दगड कुठे जात नाही. फक्त जानेवारीवर ढकलू नकोस, बर्फ पडला की शोधणं अवघड.

एक सुचवतो, "पहिली भारतीय स्त्री डॉक्टर" म्हणताना कादंबिनी गांगुलींचंही नाव घ्या, त्यांनीही १८८६ लाच कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं आणि पुढे अनेक वर्षं प्रॅक्टिस केली.

कल्याणची_मुलगी

सगळ्यांना मनापासून थँक्यू. डॉक्टरताई, तुमचा रिप्लाय आजीला फोनवर वाचून दाखवला, ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, माझ्या नावाने एक फूल ठेव. मधलं_स्टेशन दादा, तुमचं ऐकतेय, शेवटचा पेपर गुरुवारी आहे, त्यानंतरच्या शनिवारी जाते. ऑफिसला फोन करून जागा विचारते आणि फूल ठेवलेलं चालतं का तेही विचारते.

माझ्याबरोबर नाशिकची एक मैत्रीण येतेय. अजून कोणाला यायचं असेल तर सकाळी साडेआठला ग्रँड सेंट्रलच्या मधल्या घड्याळापाशी या, कॅब वाटून घेऊ. डावीकडच्या सीट मी धरून ठेवते.