दीड एकरात वसंतात मधपेट्या ठेवायच्या आहेत: जागा, फवारणी आणि आणायची वेळ

दीडएकर
दीड एकर जमीन आहे. निम्म्यात सफरचंद-नासपतीची झाडं, उरलेल्यात काकडी, भोपळा, टोमॅटो. एक मधपाळ वसंतात मेलिफेराच्या (पाळीव युरोपीय मधमाशीच्या) ८ पेट्या ठेवू का विचारतोय. देखभाल तोच करणार, मी फक्त जागा द्यायची. अडचण अशी की फळझाडांवर कीटकनाशक आणि बुरशीनाशक दोन्ही मारावं लागतं, घरात लहान मुलं आहेत आणि दोन गायी बांधालगत बांधलेल्या असतात. पेट्या कुठे ठेवू, कधी आणायला सांगू आणि फवारणी कशी बसवू? एवढ्याशा जागेला ८ पेट्या जास्त होतात का?

पिलावा
८ पेट्या दीड एकरावर पोसल्या जात नाहीत आणि तशी गरजही नसते. कामकरी माश्या सहज २-३ किलोमीटर लांब चरायला जातात. २ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे तीन हजार एकरांहून जास्त क्षेत्र. त्यामुळे पेट्या तुमच्या बांधावर असल्या तरी शेजारी काय आणि कधी फवारतात यावर बरंच ठरतं. पेट्या यायच्या आधीच त्यांच्याशी बोलून ठेवा.

पेटीचं तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला करा. सकाळचं ऊन मिळालं की माश्या लवकर कामाला लागतात. मागून वाऱ्याला आडोसा हवा. स्टँड गुडघ्याच्या उंचीचं, ४०-५० सेंटिमीटर, आणि पेटी तोंडाकडे किंचित उतरती, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. मुंग्या असतील तर स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. तोंडासमोरच्या ५-६ मीटरांतून वाट जाऊ देऊ नका. तिथे दोन मीटर उंच कुंपण किंवा जाळी असली तर माश्या वर चढूनच बाहेर पडतात आणि मुलांच्या डोक्यावरून निघून जातात. गायी २० मीटर तरी लांब बांधा, तोंडाच्या रेषेत तर नकोच. माश्या चवताळल्या तर दाव्याला बांधलेलं जनावर पळू शकत नाही.

जागा आधीच पक्की करा. पेटी नंतर पाच-दहा मीटर जरी सरकवली तरी चरून आलेल्या माश्या जुन्या जागीच घोटाळत राहतात.

पाणी मात्र पेट्यांच्या आधी ठेवा. उथळ परात, त्यात पाण्याबाहेर डोकावणारे खडे, आणि परात कधी कोरडी पडू द्यायची नाही. माश्यांना गायींच्या हौदाची सवय एकदा लागली की ती मोडणं फार अवघड.

संध्याकाळची_फवारणी
सगळ्यात मोठं नुकसान फवारणीतच होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

झाडावर उघडी फुलं असताना कीटकनाशक नकोच. कळ्या फुटण्याआधी किंवा पाकळ्या पूर्ण गळल्यावर मारा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधं झाडात भिनून मकरंदात आणि परागात उतरतात, त्यामुळे फुलोऱ्याच्या तोंडावरही ती टाळा. भुकटी सगळ्यात वाईट: ती माशीच्या केसांना परागासारखी चिकटते आणि थेट पिलाव्यापर्यंत, म्हणजे पोळ्यातल्या अळ्यांपर्यंत, पोचते.

पुष्कळदा चूक होते ती झाडाखाली. पाकळ्या गळल्या म्हणून फवारा मारला जातो, पण खाली तण फुललेलं असतं आणि माश्या त्यावरच असतात. फवारणीच्या आदल्या दिवशी ते कापून घ्या.

बुरशीनाशक निरुपद्रवी समजून कीटकनाशकाच्या टाकीत मिसळू नका. प्रोपिकोनाझोलच्या गटातली बुरशीनाशकं पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाचं विष माशीच्या शरीराला निकामी करू देत नाहीत, त्यामुळे तोच डोस जास्त मारक ठरतो. फुलोऱ्यात बुरशीनाशक लागलंच तर एकटं, सूर्य मावळल्यावर, वारा पडलेला असताना मारा.

पेट्या दिवसा बंद करून फवारणी करायच्या भानगडीत पडू नका. उन्हात बंद पेटी आतून तापते, माश्या गुदमरतात आणि पोळ्याचं मेण ढासळतं.

रोज सकाळी दोन मिनिटं पेटीचं तोंड बघा. मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन माश्या आत जात असतील तर राणी अंडी घालते आहे असं बहुधा समजायचं. तोंडासमोर अचानक मेलेल्या माश्यांचा सडा पडला आणि पुष्कळांची सोंड बाहेर आलेली दिसली, तर विषबाधेचा संशय घ्या आणि मधपाळाला लगेच कळवा.

फुलोरा
कधी आणायच्या ते राहिलं. फळझाडांची ५ ते १० टक्के फुलं उमलली की आणा, रात्री. आठवडाभर आधी आणल्या तर माश्या आसपासच्या मोहरीला लागतात. नासपतीच्या मकरंदात साखर कमी, त्यामुळे नंतर त्या तिकडे सहज वळत नाहीत.

काकडी-भोपळ्याला चांगला फायदा होईल. या फुलांचं आयुष्य एका दिवसाचं, परागीभवन अपुरं झालं की फळ वाकडं होतं किंवा गळतं. टोमॅटोसाठी मात्र मधमाशीवर भिस्त ठेवू नका. त्याचा पराग फूल थरथरवल्यावरच नीट सुटतो. ते काम भुंग्यांचं, मधमाशीला ते जमत नाही.

दीडएकर
खूप उपयोग झाला. वसंतात वसाहत फुटून माश्या बाहेर पडतात म्हणे. घोळका फांदीवर येऊन बसला तर काय करू?

पिलावा
काहीच करू नका. मुलांना लांब ठेवा आणि मधपाळाला फोन करा. घोळक्यातल्या माश्यांची पोटं मधाने भरलेली असतात, राखायला पिल्लं नसतात, त्यामुळे त्या सहसा शांत असतात. पाणी मारणं, धूर करणं, दगड मारणं यानेच त्या बिथरतात. नवी जागा सापडली की घोळका उडून जातो, कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांनी.

हे टाळणं मधपाळाच्या हातात आहे. अंड्यापासून राणी १६ दिवसांत तयार होते, पण राणीघर (नव्या राणीची अळी वाढते ते मेणाचं घर) आठव्या-नवव्या दिवशी बंद होतं आणि त्याच सुमाराला जुनी राणी अर्ध्याअधिक माश्या घेऊन निघते. म्हणून वसाहत फुटायच्या हंगामात दर ७ दिवसांनी पेटी उघडून बघायला हवी. १५ दिवसांनी येतो म्हणाला तर मान्य करू नका.

माशी चावली तर नांगी नखाने लगेच खरवडून काढा आणि पेटीपासून दूर व्हा. चावलेल्या जागी सुटणाऱ्या वासाने बाकीच्या माश्या तिथेच येतात. तिथल्या तिथे सूज येणं नेहमीचं. अंगभर गांध्या, दम लागणं, चक्कर यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

फुलोरा
आणि एका कागदावर लिहून घ्या: किती पेट्या, कोणत्या तारखेपर्यंत, फवारणीची सूचना किती आधी द्यायची (४८ तास ठीक), पेटी उलटली किंवा कुणाला माश्या चावल्या तर जबाबदारी कुणाची, मधातला वाटा किती. रात्री गाडी पेट्यांपर्यंत कुठल्या वाटेने येईल तेही त्यातच लिहा. पावसानंतर चिखलात रुतणारी वाट असेल तर जागाच बदला.