कलांचोला आधी अंधार द्या
तुमच्या कलांचोची (जाड पानांचं, कुंडीतलं फुलझाड) पानं टवटवीत, पण दोन वर्षांत एक कळी नाही म्हणताय, तर खताच्या मागे लागू नका. कलांचो मूळचा मादागास्करचा, रात्र मोठी झाली की फुलणारा. आमच्या घोडबंदर रोडच्या घरात तो हॉलमध्ये, रात्री बारापर्यंत ट्यूबलाइटखाली. मग फुलं कुठली! ऑक्टोबरपासून सहा आठवडे रोज संध्याकाळी ६ ते सकाळी ८ त्यावर खोका पालथा घातला, दिवसा गॅलरीतलं ऊन. (सासूबाई म्हणाल्या, कोंबडी डालली आहेस का?) डिसेंबरात शेंड्यांवर मोहरीएवढ्या हिरव्या कळ्या!

पाणी मात्र माती बोटभर खोल कोरडी लागल्यावरच. पावसाळ्यात माझी एक कुंडी बुडापासून काळी, लिबलिबीत होऊन गेली. आता जून ते सप्टेंबर मुक्काम खिडकीच्या आत.